स्टार्टर खोलणे, साफ करणे आणि मागच्या फळीवर बसणे

पायरी पहिली : सर्वप्रथम बॅटरीची तार सोडवावी

ही पायरी वेंडेल स्क्रामस्टाडने दुसरी केली.

पहिली म्हणून त्याने स्टार्टरच्या नटाला पाना लावला. पान्याचं दुसरं टोक होडीच्या मोटरच्या अंगाला टेकलं आणि गॅरेजमध्ये निळा-पांढरा लोळ उठला. पाना एकीकडे उडाला, वेंडेल दुसरीकडे उडाला आणि हिवाळाभर घडी करून ठेवलेल्या बागेतल्या खुर्च्यांच्या ढिगात जाऊन बसला. पान्याचा एक कोपरा वितळला होता. वेंडेलचं काही वितळलं नव्हतं, निदान वरून दिसेल असं.

"काय झालं?" घरातून मार्लिसने विचारलं.

"काही नाही. सुरुवात केली."

वेंडेल विमा कंपनीत होता. लोकांच्या बुडालेल्या, जळालेल्या आणि झाडावर जाऊन बसलेल्या होड्यांचे दावे त्याच्या टेबलावर यायचे. 'अर्जदाराने बॅटरी न सोडवता काम केले' हे वाक्य त्याने इतक्यांदा लिहिलं होतं, की हात आपोआप पुढे सरकून 'दावा नामंजूर' इथे जाऊनच थांबायचा. आता ढिगात पडल्या पडल्या त्याला त्या सगळ्या अर्जदारांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. ती फार टिकली नाही. पाठीत खुर्चीचा दांडा रुतत होता.

मधेच : हा भाग मोटरच्या पुस्तिकेत नाही, पण त्यावाचून पुढचं कळायचं नाही

मोटर वेंडेलची नव्हती. होडीही नव्हती. दोन्ही त्याच्या सासऱ्यांच्या, आयनार लोकेन यांच्या. होडी ॲल्युमिनियमची, तीन फळ्यांची. मागच्या फळीवर बसतो तो मोटरचा दांडा धरतो, होडी कुठे न्यायची ते ठरवतो आणि मासे कुठे आहेत याबद्दल त्याचं मत अखेरचं असतं. पुढच्या फळीवर बसणाऱ्याला तीन कामं : नांगर टाकणं, नांगर उचलणं आणि लाटांचं पाणी तोंडावर घेणं. मार्लिसशी लग्न झाल्यापासून वेंडेल पुढच्या फळीवर होता. त्याचे केस त्या फळीवर पांढरे झाले आणि त्याच फळीवर गेले.

गेल्या पानगळीत स्टार्टरने मान टाकली. बटण दाबलं की नुसतं 'टक्'. आयनारनी अडीअडचणीची दोरी ओढून पाहिली. मोटर चालू व्हायच्या आत त्यांचा खांदा बंद पडला.

मग ईस्टरच्या जेवणात, सगळे हॅम कापत असताना, आयनारनी काटा खाली ठेवला. आयनार दिवसाला मोजकेच शब्द वापरणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांनी काटा ठेवला की घरात शांतता होते.

"यंदा मागे मी बसणार नाही," ते म्हणाले. "दोरी ओढवत नाही."

"मग मिटलंच की!" असं म्हणाला डॉम. डॉम पाल्मिएरी हा वेंडेलचा साडू. शिकागोत दातांचा डॉक्टर. मार्लिसची बहीण करीन त्याच्या गळ्यात कशी पडली हे मिनेसोटातल्या लोकेन मंडळींना अजून उलगडलेलं नव्हतं. "पप्पा, ओपनरला माझ्या नव्या बोटीत चला. सीटा गरम होतात. ती जुनी टाका भंगारात."

ओपनर म्हणजे मे महिन्यातला तो शनिवार, ज्या दिवशी वॉलआय मासे पकडायला सरकार परवानगी देतं. त्या दिवशी अख्खं राज्य पाण्यावर असतं. त्या तारखेला कुणी मुलीचं लग्न ठेवलं, तर लोक आहेर पाठवतात पण त्या बापाशी पुन्हा बोलत नाहीत. आणि त्या दिवशी आयनार लोकेन दुसऱ्याच्या गरम सीटवर बसले, की जुन्या होडीचं भंगार होणार आणि तिच्या मागच्या फळीचंही. म्हणजे आयुष्यभर पुढच्या फळीवर पाणी खाल्लं ते फुकट.

"स्टार्टर नुसता खोलून साफ करायचा असतो," वेंडेल म्हणाला. तोंडात हॅम होतं, त्यामुळे त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ठाम वाटला. "मी करतो."

आयनारनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ओपनरपर्यंत?"

"ओपनरपर्यंत."

"चालू झाली तर तुझ्याबरोबर. नाहीतर डॉमबरोबर."

एवढं बोलून त्यांनी काटा उचलला. पुढचा आठवडाभर ते काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

पायरी दुसरी : लांब बोल्ट काढून झाकण अलगद वेगळे करावे

'अलगद' हा शब्द पुस्तिका लिहिणाऱ्याने कधी गंजलेला बोल्ट पाहिला नसावा याचा पुरावा आहे.

डाव्या हाताचा शेजारी ड्वेन हुक्काला गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. ड्वेनच्या हातात हातोडा होता. तो तसाच फिरतो.

"हात लावू का?"

"नको नको. होईल."

"बघ हं. मोकळाच आहे मी."

"छे रे, तू कशाला हात काळे करतोस."

"अरे लावतो की."

"बरं, एवढं म्हणतोस तर ये."

या भागात हे असंच असतं. पहिला नकार म्हणजे नुसता नमस्कार. दुसरा नकार म्हणजे 'विचारत राहा, मी ऐकतोय'. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस काय म्हणतो ते त्याचं खरं उत्तर. कॉफी, केक, मदत, उसनी शिडी, सगळ्याला हाच नियम. गावातला लहानसा पोरगाही चॉकलेटला दोनदा नको म्हणतो आणि तेवढा वेळ ते डोळ्यांनी धरून ठेवतो. डॉमला मात्र हे एवढ्या वर्षांत कळलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात शेवटची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, ताटात उरली होती. त्याने आयनारना विचारलं, "घेताय?" आयनार म्हणाले, "नको." डॉमने खाल्ली. त्या पोळीचा विषय घरात अजूनही निघतो. डॉम आंघोळीला गेला की.

तर ड्वेन आत आला आणि त्याने स्टार्टरच्या डब्यावर हातोड्याचा एक टोला हाणला. झाकण निघालं.

*सावधान : डब्याच्या आतील चुंबक ठिसूळ असतात. हातोडा कदापि मारू नये.*

हे वाक्य पुस्तिकेत पुढच्या पानावर आहे. चुंबक वाचले. कसे, ते त्यांनाच ठाऊक.

सुटे झालेले भाग वेंडेलने मार्लिसच्या मफिनच्या ट्रेमध्ये, एकेका खळग्यात एकेक, असे ओळीने मांडले. दिसायला ते फार सुरेख दिसत होतं. एखाद्या शल्यविशारदासारखा तो मागे सरकून पाहत होता, तेवढ्यात उजव्या हाताच्या शेजारीण आर्लीन स्ट्रॉमक्विस्ट आल्या. हातात रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, वड्यांचं तबक. आर्लीनबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची मतं अजून कामावर होती.

"आमचे हे असते तर आधी रॉकेलमध्ये भिजवलं असतं," त्या म्हणाल्या.

"रॉकेलमध्ये तारांचा लेप जातो," ड्वेन म्हणाला.

"आमच्या ह्यांचा नाही गेला कधी."

मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं, काळ्या तेलाने भरलेल्या वेंडेलकडे पाहिलं, आणि मान एका बाजूला कलवून म्हणाल्या, "वेगळंच आहे हं हे."

ड्वेनने हातोडा हळूच पाठीमागे नेला. 'वेगळंच आहे' याच्यापेक्षा जहाल शिवी या तळ्याच्या काठी कुणाला येत नाही.

पायरी तिसरी : ब्रश व स्प्रिंगा काढाव्यात (स्प्रिंगांवर बोट ठेवावे)

ब्रश म्हणजे दात घासायचा नव्हे. कोळशाचा छोटासा ठोकळा असतो, त्याला मागून एक स्प्रिंग सारखी पुढे रेटत असते.

वेंडेलने बोट ठेवलं. भलत्याच स्प्रिंगवर.

*टिंग.*

आवाज आला एवढं नक्की. कुठून कुठे, ते नक्की नाही. वेंडेल गुडघ्यांवर बसून शोधू लागला. थोड्या वेळाने ड्वेनही गुडघ्यांवर बसून शोधू लागला. खुर्च्यांखाली, बर्फ ओढायच्या फावड्यामागे, फ्रीजरच्या खाली. दोघं फ्रीजरच्या दोन बाजूंनी आत शिरून मधे समोरासमोर आले तेव्हा ड्वेनने विचारलं, "आपण काय शोधतोय?"

सापडली नाही. वेंडेल गाडी काढून गावाबाहेरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस कॉम्प्युटरकडे अशा नजरेने बघत होता, की जणू गिऱ्हाईक ही त्या यंत्राची खाजगी बाब असावी.

"एक स्प्रिंग हवी होती. स्टार्टरच्या ब्रशची."

"मोटरचा नंबर?"

वेंडेलने सांगितला.

"ह्या नंबरची मोटर नाही."

"माझ्या गॅरेजमध्ये आहे."

"असेल. इथे नाही." त्याने पडद्यावर टिचकी मारली. "आणि स्प्रिंग सुटी येत नाही. ब्रशच्या पट्टीबरोबर येते."

"मग पट्टी द्या."

"पट्टी झाकणाबरोबर येते."

"झाकण?"

"झाकण स्टार्टरबरोबर."

"मग स्टार्टरच द्या!"

"तो बनवणं बंद झालं."

"अहो, मग नंबर कशाला विचारलात?"

"विचारावा लागतो."

वेंडेलला खरं तर संताप यायला हवा होता. पण दावा इतक्या सफाईने नामंजूर होताना त्याने कधी काउंटरच्या या बाजूने पाहिलंच नव्हतं. त्याच्यातला कारकून मनातल्या मनात उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

घरी येऊन त्याने विमनस्कपणे स्टार्टरचा रिकामा डबा हातात घेतला. आत बोट फिरवलं. स्प्रिंग आतल्या चुंबकाला चिकटून बसली होती. ती उडाली होती ती आपल्याच घरात.

पायरी चौथी : तांब्याचा भाग बारीक पॉलिशकागदाने व मऊ ब्रशाने स्वच्छ करावा

हा मात्र दात घासायचा ब्रश.

"वेंडेल, बाथरूममधला हिरवा ब्रश कुठाय?"

"तो जुना होता ना?"

"जुना निळा. हिरवा माझा."

 गॅरेजमधून पॉलिशकागद घासल्याचा आवाज वाढला.

"आणि मफिनचा ट्रे? उद्या चर्चमध्ये न्यायचेत मला."

वेंडेलने ट्रेकडे पाहिलं. प्रत्येक खळग्यात एकेक भाग आणि त्याखाली कित्येक मोसमांचं काळं वंगण. भाग साफ करायच्या स्प्रेचा डबा निम्मा शिल्लक होता. तो अख्खा त्याने ट्रेवर मारला. ट्रे लखलखीत झाला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात कुणीतरी मफिन चावून म्हणालं, "वेगळंच आहे हं," आणि मार्लिस घरी येऊन संध्याकाळपर्यंत नवऱ्याशी अत्यंत सभ्यपणे वागली. इथल्या बायका भांडत नाहीत. सभ्यपणे वागतात. ते जास्त वाईट.

पायरी पाचवी : जोडणी. वरील सर्व कृती उलट क्रमाने करावी

जगातली सगळी दुरुस्तीची पुस्तकं इथे येऊन हात झटकतात. खोलायला बारा पानं, जोडायला एक ओळ.

मधला दांडा झाकणात बसवायचा, तर चारही ब्रश स्प्रिंगांच्या रेट्याने बाहेर उड्या मारत. एक आत दाबावा तर दुसरा बाहेर. दुसरा दाबावा तर पहिला हसत हजर. वेंडेलने लाकडी चमच्याने धरून पाहिले, मार्लिसच्या केसांच्या चिमट्यांनी धरून पाहिले. शेवटी बाथरूमच्या कपाटातून त्याने दातांच्या फटीतून फिरवायच्या धाग्याची डबी आणली. डॉम दर नाताळला सगळ्यांना खोकाभर डब्या पाठवतो. आजवर त्यातली एकही या घरात दातांसाठी वापरली गेली नव्हती. वेंडेलने प्रत्येक ब्रशला मागे ओढून धाग्याची गाठ मारली, दांडा आत सरकवला आणि गाठी कापल्या. चारही ब्रश एकदम आपापल्या जागी बसले.

साडूचं मोठेपण मान्य करायची वेळ आली होती. वेंडेलने धागा कचऱ्यात टाकून ती टाळली.

तारा जोडल्या. बटण दाबलं. स्टार्टर फिरला!

उलटा.

डबा बसवताना त्याची मागची बाजू पुढे झाली होती. खुणेसाठी डब्यावर कागदी चिकटपट्टीचा बाण होता खरा, पण साफ करताना तो निघून आला होता आणि सध्या वेंडेलच्या कोपराला चिकटून छताकडे दिशा दाखवत होता. पुन्हा बोल्ट, पुन्हा झाकण, पुन्हा चार उड्या, पुन्हा डॉमचा धागा. या वेळी फिरला तो सरळ.

"वरच्या दातेरी चाकाला ग्रीस लाव थोडं," ड्वेन म्हणाला. हे चाक स्टार्टर फिरला की वर उडी मारतं आणि इंजिनच्या मोठ्या चाकात दात अडकवून त्याला फिरवतं. "कोरडं ठेवू नकोस. कोरडं लोखंड बरं नाही दिसत."

"पुस्तिकेत ग्रीस नाही लिहिलं."

"पुस्तिकेत बरंच काही नसतं."

वेंडेलने बोटभर ग्रीस घेतलं. मग, स्क्रामस्टाडांच्या घरात कुणी कंजूस म्हणू नये म्हणून, आणखी बोटभर.

चाचणी

(गॅरेजसमोरचं अंगण. दुपारचं छान ऊन. होडी गाड्यावर, मोटरचं खालचं टोक कचऱ्याच्या मोठ्या पिंपात, पिंपात पाणी.)

ड्वेन : पाणी कमी आहे.

आर्लीनबाई : जास्त आहे.

मार्लिस : पिंप माझं आहे.

वेंडेल : सगळ्यांनी जरा मागे व्हा.

(कुणी मागे होत नाही. वेंडेल बटण दाबतो. मोटर पहिल्या झटक्यात चालू होते. पिंपातलं पाणी उसळून ड्वेनच्या बुटात जातं.)

ड्वेन : म्हटलं ना, कमी होतं.

आर्लीनबाई (बराच विचार करून) : वाईट नाही.

(सगळे वेंडेलकडे पाहतात. 'वाईट नाही' हा इथे सुवर्णपदकाचा शब्द आहे.)

वेंडेलने मोटर बंद करून पुन्हा चालू केली. मग पुन्हा. रस्त्यावरून टपालवाली जात होती, तिच्यासाठी एकदा. संध्याकाळी तो कारण नसताना पत्रपेटीपर्यंत चालत गेला आणि परत आला, हात मागे बांधून, मागच्या फळीवर बसणाऱ्या माणसासारखा.

ओपनर

पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर पांढरं दव गोठलं होतं. मिनेसोटातला मे महिना आहे तो, त्याला कुणी जाब विचारत नाही. श्वासाची वाफ निघत होती. वेंडेल लोकरी टोपी घालून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मागच्या फळीवर बसला. फळी थंडगार होती. त्याला ती मखमली लागली.

आयनार आले. थर्मास घेऊन मधल्या फळीवर बसले. पुढची फळी त्यांनी नुसती पाहिली.

वेंडेलने बटण दाबलं.

*घुंईंईंई.*

स्टार्टर फिरत होता. झक्क फिरत होता. पण ते वरचं दातेरी चाक काही उडी मारायला तयार नव्हतं. पुन्हा दाबलं. घुंईंईंई. आत कुणीतरी अगदी मजेत गाणं म्हणतंय आणि कामाला हात लावत नाही असा तो आवाज.

आयनारनी डोळे मिटून ऐकलं.

"ग्रीस?"

"थोडंसं," वेंडेल म्हणाला. "ड्वेन म्हणाला."

"ड्वेन," आयनार म्हणाले. एवढंच. पण ते नाव पाण्यात पडल्यासारखं वाटलं. "थंडीत घट्ट होतं. स्प्रे मार."

"संपला."

"कशावर?"

"मफिनच्या ट्रेवर."

आयनारनी याच्यावर प्रश्न विचारला नाही. काही उत्तरं ऐकली की माणसाला आणखी ऐकायची इच्छा राहत नाही.

तेवढ्यात पलीकडून डॉमची नवी बोट आली. लांब, लाल, चकचकीत. इंजिनचा आवाज साय खाल्लेल्या मांजरासारखा. डॉमच्या टोपीवर लहानसा दिवासुद्धा होता.

"काय वेंडी, नाही होत वाटतं?" वेंडेलला वेंडी म्हणणारा जगात तो एकटाच. "पप्पा, येताय माझ्याकडे? सीट गरम करून ठेवलीय. करीनने दालचिनीचे रोल दिलेत."

"नको," आयनार म्हणाले. "ठीक आहे इथे."

आणि हे म्हणता म्हणता त्यांनी थर्मास काखेत घेतला. एक हात होडीच्या कडेवर ठेवला. एक गुडघा किंचित वर आला.

वेंडेलने ते सगळं पाहिलं. तो या तळ्याच्या काठी जन्मलेला माणूस. त्याला तो गुडघा वाचता येत होता. बोलणं ईस्टरलाच झालेलं होतं. मोटर चालू झाली नव्हती. म्हातारा उठायला निघाला होता. आता डॉमने फक्त आणखी दोनदा विचारायचं होतं.

"ठीक!" डॉम म्हणाला. "मजा करा!" आणि दांडा पुढे ढकलून तो निघाला.

एक हाक पुरली असती. 'डॉम, अरे पुन्हा विचार.' एवढंच. बोट अजून हाकेच्या टप्प्यात होती. वेंडेलने तोंड उघडलं. मग त्याचं लक्ष धक्क्याला बांधलेल्या दोराच्या गाठीकडे गेलं. चांगली गाठ होती. अशी गाठ नीट, सावकाश, सगळ्या बाजूंनी पाहायला हवी. त्याने ती पाहिली. पाहून झाल्यावर वर बघितलं, तेव्हा लाल बोट पार पलीकडच्या टोकाला एवढीशी झाली होती.

आयनारचा गुडघा अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला.

"एकदाच विचारलं," आयनार म्हणाले.

"एकदाच," वेंडेल म्हणाला.

"रोल होते."

"दालचिनीचे."

आयनारनी वेंडेलकडे पाहिलं. मग गाठीकडे पाहिलं. मग पुन्हा वेंडेलकडे.

"गाठ बरी आहे?"

"बरी आहे," वेंडेल म्हणाला. त्याचे कान थंडीत लाल झाले होते. थंडीतच असावेत.

"ऊन येऊ दे," आयनार म्हणाले. "ग्रीस सुटेल."

मग ते दोघं बसून राहिले. होडी धक्क्याला बांधलेली, सगळं गाव पाण्यावर, आणि लोकेनांची होडी काठाशी. येणारी प्रत्येक होडी हळू व्हायची.

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक," दोघं एका सुरात.

"मासे आहेत का इथे?"

"वाईट नाही."

धक्क्याच्या दीड हात पाण्यात वॉलआय पकडायला बसलेले दोन प्रौढ गृहस्थ पाहून लोक मान डोलवायचे. 'वेगळंच आहे' असं कुणी तोंडाने म्हणालं नाही. पुढे गेल्यावर म्हणत असावेत, कारण पाण्यावर आवाज लांब जातो. वेंडेलने टोपी कानांवर ओढली. धक्क्यावर मार्लिस कॉफीचा कप घेऊन येऊन उभी राहिली, तिने वडिलांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आल्या पावली परत गेली. खिडकीचा पडदा मात्र हलत होता.

सर्वांत शेवटी ड्वेन आला, आपल्या होडीतून, हातोड्यासकट.

"दोर टाकू का? ओढून नेतो."

"नको," दोघं म्हणाले.

"अरे टाकतो."

"नको रे, तू कशाला."

ड्वेनने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"ड्वेन," आयनार म्हणाले, "तू जा."

एवढ्या वर्षांच्या शेजारात असा प्रसंग कधी आला नव्हता. ड्वेन उघड्या तोंडानेच गेला.

आणि मग पाइनच्या झाडांवरून ऊन उतरलं. आधी धक्क्यावर आलं, दव वितळवलं, मग होडीच्या कडेवर, मग मोटरच्या पाठीवर. आयनारनी मोटरचं झाकण काढायला लावलं आणि ते उन्हाला आपल्या म्हाताऱ्या हाताने वाट दाखवत असल्यासारखे बसून राहिले. दातेरी चाकावरचं ग्रीस आधी मंद होतं, मग चमकू लागलं, मग त्याचा एक थेंब ओघळला.

"दाब."

वेंडेलने दाबलं. *घुं-टक्-भ्रुम्म!* निळा धूर उठला, पाणी थरथरलं, दूरवर एक पाणपक्षी हसल्यासारखा ओरडला. वेंडेलचे डोळे भरून आले. धुराने. त्याने स्वतःच्या हाताने खोललेला, घासलेला, दोनदा जोडलेला स्टार्टर, ओपनरचा दिवस, आणि बुडाखाली मागची फळी.

"दोर सोड," आयनार म्हणाले.

पुढचा दोर सोडायला कुणीतरी पुढे जायला हवं. वेंडेलचे पाय आपोआप उठले. इतक्या वर्षांची सवय पायांत असते, त्यांना बढती मिळाल्याचं कुणी कळवलेलं नसतं. तो पुढच्या फळीवर गेला, गाठ सोडली, दोर आत ओढला आणि वळला.

मागच्या फळीवर आयनार बसले होते. हात मोटरच्या दांड्यावर.

"बटणच तर दाबायचं असतं," ते म्हणाले. "त्याला खांदा कुठे लागतो. मला वाटलं होतं दोरीच ओढावी लागणार."

वेंडेल पुढच्या फळीवर उभा होता. दोर हातात. त्याची नजर मागच्या फळीवरून हलेना. 

आयनारनी ते पाहिलं असावं. म्हातारा कठोर होता, दुष्ट नव्हता.

"तुला बसायचंय का मागे?" त्यांनी विचारलं.

"छे छे, नको," वेंडेलच्या तोंडून आपसूक गेलं. "तुम्हीच बसा."

आणि तो थांबला. अर्धवट वाकून, एक पाय उचलून, चेहऱ्यावर नम्र हसू ठेवून, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत.

आयनारनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या उचललेल्या पायाकडे पाहिलं. मग तळ्याच्या पार पलीकडे, जिथे एक लाल ठिपका उन्हात चकाकत होता, तिकडे पाहिलं.

"ठीक," आयनार म्हणाले, आणि दांड्याची मूठ पिळली.

होडीने उसळी घेतली. वेंडेल पुढच्या फळीवर धपकन बसला आणि पहिली लाट सरळ त्याच्या तोंडावर आली.

"शिकागोवाल्यांचं हे बरं आहे," मागून आयनारचा आवाज आला. "वेळ वाचतो."